वैनींच्या चुलीवरची मरळ

आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आईच्या गळ्यात माळ होती, बायकोच्या माहेरीही तेच. पुंडलिकनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात माशाचा वास आजवर आलेला नाही. मी मात्र आयुष्यात भरपूर मासे खाल्ले आणि ते बहुतेक सगळे एकाच चुलीवरचे. ती चूल बिडकीनच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका तळ्याच्या काठावर होती. अजून आहे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे मला माझ्याबद्दल लिहावं लागणार, आणि तेच मी बरेच महिने टाळत आलो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत प्रतिनिधी होतो आणि बिडकीनपासून पैठणपर्यंतची गावं माझ्याकडे होती. मोटरसायकलच्या मागं रबरी पट्ट्यांनी बांधलेलं खोकं, खांद्याला माहितीपत्रकांची पिशवी. कपाशीवर बोंडअळी पडली की माझे चांगले दिवस सुरू. गावात सभा घ्यायची, मग कुणाच्या तरी शेतात पाठीवरच्या पंपानं फवारून दाखवायचं. सभेत डब्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा असा कंपनीचा नियम होता, आणि मी नियम पाळणारा माणूस होतो. ‘रिकामी बाटली पुन्हा वापरू नये. ती फोडून, पाण्यापासून लांब, जमिनीत पुरावी.’ हे वाक्य मला पाठ झालं होतं. लोक ऐकायचे आणि तंबाखू मळायचे.

त्या दिवशीचं शेत तळ्याला लागून होतं. पंपात पाणी तळ्यातलंच भरलं आणि काम झाल्यावर पंप धुतला तोही तळ्यातच. दुसरीकडे पाणी होतं कुठं? मी काठावर रिकाम्या बाटल्या गोळा करत होतो, तेवढ्यात पाण्यातून एक माणूस माझ्या दिशेनं येताना दिसला. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर थर्माकोलची फळी टाकून तो तिच्यावर मांडी घालून बसला होता आणि हातांनीच पाणी मागं सारत होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. पुढं मी त्याला दादा म्हणू लागलो.

“साहेब, त्या बाटल्या फेकणार हायेत का?”

“फेकणार नाही. पुरायच्या आहेत.”

“पुरून काय उगवणार हाय त्याच्यातनं?” तो काठावर उतरला. “मला द्या की. बूच घट्ट लावलं की लई झकास तरंगत्यात. जाळ्याला बांधायचं भेंड आणायला पैठणला जावं लागतं, अन् ते बी कुजतंय.”

जाळ्याची वरची कड पाण्यावर राहावी म्हणून तिला थोड्या थोड्या अंतरावर काहीतरी हलकं बांधावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाटल्या पांढऱ्या होत्या, लांबून दिसणाऱ्या. मला त्याची युक्ती आवडली. बाटल्या फोडून खड्डा खणायचा कंटाळाही आला होता, हेही खरं.

“न्या,” मी म्हणालो. “पण धुऊन घ्या हं.”

तो तिथंच गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि एकेक बाटली बुडवून, खळखळून, पाणी पुन्हा तळ्यात ओतू लागला. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि पसरत जाऊन दिसेनासं व्हायचं. मी बघत होतो. धुवायला मीच सांगितलं होतं, त्यामुळे आपण काळजी घेतली असंच मला वाटत होतं.

चुलीजवळ त्याची बायको बसली होती, पुढं मी तिला वैनी म्हणू लागलो. तिनं विचारलं, “कोण पावणा?”

“औषधवाले साहेब हायेत. बाटल्या दिल्या त्यांनी.”

“मग जेवल्याबिगर सोडू नगा. पुन्हा आणायला लावायच्यात ना?”

मी म्हणालो, आमच्यात चालत नाही. ती म्हणाली, “तुमच्यात नसंल चालत. तळ्यावर चालतंय.” दादा हसला. मी बूट काढून बसलो.

त्या दिवशी मरळ होती. मरळ हा मासा पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ जिवंत राहतो, घमेल्यात शेपटी आपटत राहतो. त्याला राखेत घोळवून खडबडीत दगडावर घासलं की अंगावरचा बुळबुळीतपणा आणि खवले निघून जातात. वैनींनी चुलीच्या निखाऱ्यात दोन कांदे सालीसकट भाजले, खोबऱ्याचा तुकडा भाजला, पाट्यावर वाटलं, काळा मसाला टाकला आणि वरून चिंचेचा कोळ. तो रस्सा अॅल्युमिनियमच्या ताटलीत, ज्वारीच्या गरम भाकरीवर. पहिला घास घेताना मी डोळे मिटले होते, असं त्या पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायच्या. “डोळं मिटून खाल्लं बगा, जणू काय इखच खायलाव!” यावर मीही दर वेळी हसायचो.

मग ते ठरूनच गेलं. त्या बाजूला सभा असली की रिकाम्या बाटल्या आणि पाच लिटरचे डबे मी खोक्यात भरून तळ्यावर न्यायचो. बाटल्या जाळ्याला, आणि डब्याचा वरचा भाग कापला की ट्यूबवर सोबत न्यायला, मासे टाकायला भांडं. वैनी बाजारात मासळी न्यायच्या तीही त्याच डब्यांतून. कुठल्या डब्यावर अजून कंपनीचं चित्र असायचं, कपाशीचं हिरवं बोंड. आपली कंपनी तळ्यावर पोचली म्हणून मला मजा वाटायची. पुढं पुढं सभा नसली तरी मी जाऊ लागलो. दुपारी ऊन उतरायच्या आत पोचायचं, बाभळीखाली मोटरसायकल लावायची, आणि दादा दिसेपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं. पलीकडच्या काठावर म्हशी डुंबत असायच्या. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवत बसायचे. कंपनी विक्रीच्या आकड्यांवरून माझ्या मागं लागलेली असायची, आणि इथं ट्यूबवर बसलेला एक माणूस हातानं पाणी सारत माझ्याकडे यायचा. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी सर्वांत निवांत तिथंच बसलो आहे.

निघताना हात राखेनं धुवायचे, मग लिंबाची पानं चुरडून चोळायची, तोंडात बडीशेप टाकायची. तरी बायको दारातच ओळखायची. “तळ्यावर जाऊन आलात वाटतं,” म्हणायची आणि माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायची. भांडण कधी केलं नाही. एकदा फक्त म्हणाली, “त्यांचं एवढं खाऊन येता, तुम्ही त्यांना काय देता?” मी म्हणालो, “डबे देतो की.”

शिशाचं काम हिवाळ्यातलं. जाळं वरून तरंगतं तसं खालून ताणलेलंही राहावं लागतं, म्हणून खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या असतात. दादाच्या गोळ्या खडकांत अडकून तुटायच्या आणि तळाशी राहायच्या. दर वर्षी नव्या लागायच्या. शहरात माझ्या ओळखीच्या एका बॅटरीवाल्याकडे जुन्या, फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग होता. मी म्हणालो, आणतो. दोन बॅटऱ्या पोत्यात घालून मोटरसायकलवर नेल्या. दादानं त्या तळ्याच्या काठावरच कुऱ्हाडीनं फोडल्या, आतलं पाणी उताराला सोडून दिलं आणि काळ्या पट्ट्या पाण्यात खळखळून घेतल्या. मग तीन दगडांवर लोखंडी कढई. शिसं वितळलं की त्याच्यावर राखाडी साय धरते, ती बाजूला केली की खाली आरशासारखं चकचकीत. वैनी पळीनं ते ओल्या चिखलात काडीनं पाडलेल्या चरांत ओतायच्या. धूर आमच्या तोंडावर यायचा, आम्ही खोकत हसायचो. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची असेल. गार झालेल्या गोळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात माळ घातली होती आणि मधूनच एखादी चोखत होती. दादा म्हणाला, “बगा साहेब, आमची पोरगी चांदीची माळ घालती.” आम्हाला फार कौतुक वाटलं.

पुढं चार-पाच हिवाळे मी बॅटऱ्या नेल्या. वरच्या दोरीला माझ्या बाटल्या आणि खालच्या दोरीला माझं शिसं, असं ते जाळं होतं. दादा कौतुकानं सांगायचा, “निम्मं जाळं साहेबांचं हाय.”

मला काहीच माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. श्रावण-भाद्रपदात सगळ्या शिवारात फवारणी झालेली असायची आणि त्यावर जोराचा पाऊस झाला की ओढे भरून तळ्याला मिळायचे. दुसऱ्या दिवशी मासे वर यायचे. कडेला येऊन तोंड उघडून हवा घेत राहायचे, काही एका अंगावर कलंडलेले. जाळं टाकायची गरजच नाही, हातानं उचलायचे. वैनी म्हणायच्या, “भावजी, तुमचं औषध अळीला लागू व्हतंय का नाय ठाऊक नाय, आम्हाला मातर लई लागू व्हतंय.” त्या दिवशी बाजारात मासे स्वस्त असायचे आणि आमच्या ताटल्यांत दोन तुकडे जास्त. मला कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, हे द्रावण माशांना घातक आहे. ते मला सभेत वाचून दाखवायच्या कागदावरही होतं. पण वाचून दाखवायच्या गोष्टी वेगळ्या आणि तळ्यावरची चूल वेगळी, अशी माझ्या डोक्यात कुठंतरी भिंत होती. तशी भिंत घालायला फारशी बुद्धी लागत नाही. भूक आणि चांगली सोबत पुरे होतात.

नोकरी मी बारा वर्षांपूर्वी सोडली. आता शहरात ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात आहे. तळ्यावर जाणं वर्षातून दोन-तीनदा उरलं, पण ते सुटलं नाही. दादाचे केस पांढरे झाले, वैनींचे गुडघे धरले, त्यांच्या मुलीचं लग्न पैठणकडं झालं. जाळ्याला जुन्या पिवळट बाटल्या तशाच होत्या. प्लास्टिक कुजत नाही, दादा म्हणायचा ते खरंच होतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी विद्यापीठात पर्यावरणाचा अभ्यास करत होती. तिच्या मॅडमना एखाद्या तळ्यातले मासे तपासणीसाठी हवे होते. मी फुशारकीनं म्हणालो, “तळं माझ्याकडे आहे.” तिला घेऊन गेलो. पोरगी हातमोजे घालून मासे मोजायला लागली तेव्हा वैनींना हसू आवरेना. “अगं बाई, मासा हाय तो, त्याला काय सोयरीक करायची हाय का?” तरी त्यांनी निवडून दिले ते सगळ्यांत चांगले मासे. दोन राहू, दोन कटला, आणि एक भली मोठी मरळ. “मास्तरीणबाईंना म्हणावं, तपासून झालं की फेकू नगा, रस्सा करा.”

दसरा झाला आणि एका संध्याकाळी मुलगी कागद घेऊन माझ्यासमोर बसली. तिनं मला समजेल असं सांगितलं. माशांत फवारणीच्या औषधांचे अंश सापडले होते. शिसं आणि कॅडमियमही, आणि खाण्याच्या माशांत जेवढं चालतं त्याच्यापेक्षा जास्त. राहू-कटल्यात त्यामानानं कमी, मरळीत सर्वांत जास्त, कारण मरळ तळाच्या चिखलात राहते आणि दुसरे मासे खाते. पोटुशी बाई, बाळंतीण आणि लहान मूल यांनी तर ही मरळ खाऊच नये.

मी विचारलं, “कुठल्या कारखान्याचं असेल का गं?” खरं सांगतो, त्या क्षणी मी देवाकडे एक कारखाना मागत होतो.

“सांगता येत नाही बाबा. शेतांचं पाणी येतं, रस्त्याचं येतं. एका कुणाचं म्हणता येणार नाही.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बाटल्यांचं आणि बॅटऱ्यांचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. गोष्ट म्हणून मीच सांगितलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “काकूंची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येणार होती ना? तुम्ही सांगता की मी सांगू?”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी गेलो. कागदाची घडी शर्टाच्या खिशात होती. तळ्याच्या काठावर, ज्या पोरीनं शिशाची माळ घातली होती ती पोट घेऊन बाजेवर बसली होती. मला बघून हसली, “काका, आता तुम्हाला आजोबा व्हायला लागतंय.” दादा ट्यूब ओढत वर येत होता. वैनींचा चेहरा तर असा होता की मी तो गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पहिलं बाळंतपण, पोरगी घरी, आणि हाताशी तळं.

“रोज मरळ घालायलाव हिला,” वैनी म्हणाल्या. “अंगात रगत भरतंय. बाळंत झाल्यावर दूध यायला बी हीच. आमच्या आईनं मला हेच घातलं, म्या हिला घालायले.”

“कटाळा आला मला, काका,” पोरगी म्हणाली. “सांगा की हिला.”

“काका काय सांगणार? काकाच डोळं मिटून खातोय!”

सगळे हसले. मीही हसलो. माझा हात खिशाकडे गेला होता, तो तिथून परत आला. वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. वैनींनी तिच्या ताटात मधला मोठा तुकडा वाढला, वर रस्सा ओतला. ती हात आखडता घेऊ लागली तर “लेकरासाठी खा” म्हणाल्या. माझ्याही ताटात वाढलं. मी खाल्लं. ती जेवत होती आणि मी तिच्यासमोर बसून जेवत होतो. जेवण झाल्यावर दादानं पान लावलं, वैनी बारशाला कुणाकुणाला बोलवायचं ते मोजू लागल्या, आणि मी उठलो.

का सांगितलं नाही, याचा विचार मी नंतर खूप केला. त्यांचं पोट त्या तळ्यावर आहे, म्हणून मी गप्प बसलो, असं मी मनाला सांगत होतो. ते खोटं होतं. मासे खराब का झाले, असं दादा विचारणार आणि मग मला जाळ्याकडे बोट दाखवावं लागणार, याची मला भीती होती. ती चूल माझ्यासाठी विझेल, याची भीती होती.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, “सांगितलंत?”

मी म्हणालो, “हो.”

“काय म्हणाल्या?”

“बंद करतो म्हणाल्या.”

मुलीशी मी आयुष्यात मोठं असं खोटं तेवढंच बोललो. तिनं विश्वास ठेवला. “बरं झालं,” म्हणाली आणि अभ्यासाला बसली. त्यानंतर एकोणीस दिवस गेले. रोज दुपारी बारा-साडेबाराला, दुकानात नळ्या मोजताना, मला वाटायचं की आत्ता तिच्या ताटात वाढलं असेल.

विसाव्या दिवशी मुलगी म्हणाली, “मॅडम गावात येऊन माहिती द्यायची म्हणतात. काकूंना तर आधीच माहीत आहे, त्यांची मदत होईल.” मी ताटावरून उठलो, तिला सगळं खरं सांगितलं. माझ्या मोटरसायकलची किल्ली खुंटीवर होती, ती तिनं काढून माझ्यापुढं ठेवली.

मी पोचलो तेव्हा तिघं अंगणात होती. चुलीवर पातेलं होतं. या वेळी मी बूट काढले नाहीत, बसलोही नाही. उभ्यानंच कागद उघडला आणि मुलीनं सांगितलं होतं तसं सांगितलं. मग बाटल्यांचं सांगितलं. त्या फोडून पुरायच्या असतात हे मला माहीत होतं, मी रोज वाचून दाखवत होतो, तरी तुम्हाला दिल्या. शिसं विषारी असतं, बॅटऱ्या मी आणल्या. दादा जाळ्याकडे बघत राहिला. मग तोच मला समजावू लागला.

“साहेब, साऱ्या शिवाराचं पाणी येतंय हितं. लोकांनी किती पंप धुतले, किती डबे टाकले, त्याचा काय हिशेब? तुमच्या चार बाटल्यांनी तळं नासतंय व्हय? तुमी उगं मनाला लावून घेऊ नगा.”

मला रडू आलं. इतके दिवस ज्या गोष्टीला मी भीत होतो ती त्यानं एका वाक्यात बाजूला ठेवली होती. वैनींनी मात्र पातेलं चुलीवरून उतरवलं, खाली ठेवलं. लेकीकडे पाहिलं. मग मला विचारलं,

“भावजी, तुमी मागं आल्ता, दसऱ्याच्या मागनं. तव्हा तुम्हाला ठाऊक व्हतं?”

मला नाही म्हणता आलं असतं. दादाला ते पटलंही असतं.

“होतं,” मी म्हणालो. “कागद खिशात होता.”

“म्या तुमच्यासमोर वाढलं हिला.”

“हो.”

“तुमी बसून बघितलं.”

“हो, वैनी.”

त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. वैनींच्या तोंडाला सगळा बाजार भितो. पण त्या उठल्या, पातेलं घेऊन मागं गेल्या आणि रस्सा खड्ड्यात ओतल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. “आता काय करायचं ते सांगा,” म्हणाल्या. “दवाखाना कुठला?”

दुसऱ्या दिवशी मी गाडी केली आणि मायलेकींना शहरात आणलं. माझी मुलगी दवाखान्यात येऊन थांबली होती. रक्त तपासलं. शिसं असायला हवं त्याहून जास्त होतं. फार नाही, पण होतं. ते आत्ताचं किती आणि लहानपणापासून हाडांत साठलेलं किती, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मासे बंद, गोळ्या सुरू, आणि बाळ झाल्यावर बाळाचंही तपासत राहायचं, असं ठरलं. परतताना गाडीत बसताना पोरगी मला म्हणाली, “काका, असं तोंड करू नका. मला तशीबी नको झाली होती मरळ.” वैनींनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

बाळ पौषात झालं. मुलगी. वजन बरं होतं, रडणं खणखणीत. बारशाचं बोलावणं दादाकडून आलं. मी गेलो, पाळण्याच्या दोरीला हात लावला आणि जेवलो. जेवणात वरण-भात, वांग्याची भाजी आणि जिलबी होती. सगळ्यांनी आनंदानं वागवलं. वैनींनी माझ्या ताटात वाढलं ते दुसऱ्या पाहुण्यांना वाढतात तसं, “घ्या, संकोच करू नगा” म्हणत. पूर्वी त्या मला असं कधी म्हणाल्या नव्हत्या. त्या बाळाचं रक्त अजून दर थोड्या महिन्यांनी तपासतात. मी विचारतो, दादा सांगतो. पुढं काय होईल हे मलाच काय, कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या न सांगता येण्यात माझे एकोणीस दिवस आहेत.

मॅडम गावात येऊन गेल्या, मत्स्य खात्याच्या कार्यालयात पत्रही गेलं आहे, उत्तर यायचंय. दादानं जाळं बदललं. मरळ आली तर तो परत सोडतो. राहू-कटला मात्र विकावाच लागतो, दुसरं करणार काय? वैनी बाजारात बसतात, पण आता त्या गिऱ्हाइकाला आधी विचारतात, घरात कोण खाणार. लोक वैतागतात. मासे विकायला बसली आहे की पंचायत करायला, असं म्हणतात.

मागच्या महिन्यात मी दुकानाच्या कामानं बिडकीनला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता, म्हणून वैनींकडे डोकावलो. त्यांनी बसायला पोतं सरकवलं. तेवढ्यात एक तरुण माणूस मोटरसायकल उभी करून आला.

“मावशी, मरळ हाय का?”

“नाय. कुणाला पायजे?”

“बायकोला. बाळंत झालीय, दूध कमी पडतंय.”

“मग मासाच नेऊ नगस. डिंक घाल, अळीव घाल, शेपूची भाजी घाल.”

“मावशी, आई म्हणली मरळच आण.”

“आईला म्हणावं तळ्याचं पाणी बदललं. मरळ नाय, राहू बी नाय. म्या देणार नाय तुला.”

तो चिडला. “राहू दे, तिकडं मिळंल,” म्हणाला आणि पलीकडच्या रांगेकडे चालू लागला. तिथं एकीच्या घमेल्यात मरळ शेपटी आपटत होती. ती त्याच तळ्यातली, दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यात आलेली, हे मला आणि वैनींना, दोघांनाही ठाऊक होतं.

वैनींनी हातातला सुरा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

“बसून काय बघायलाव, भावजी? माझं नाय ऐकलं त्यानं. जा, तुमी सांगा.”

मी उठलो. तो वाकून मरळीची किंमत विचारत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “भाऊ, दोन मिनिटं थांबा. मी फवारणीची औषधं विकत होतो.”